चोर्ला घाट: एकट्याची मोटारसायकल की भाड्याची स्पोर्ट्‌स कार?

गोव्यातल्या साखळीहून केरीमार्गे चोर्ला चढायचा असेल तर मोटारसायकल घ्या. स्पोर्ट्‌स कारची हौस रुंद, सपाट हमरस्त्यावर भागवा. घाटात इंजिनाची ताकद कमी पडत नाही, पुढचं दिसत नाही हीच अडचण असते.

अशा कारचं पोट जमिनीपासून जेमतेम १२ सेंटिमीटर वर. प्रमाणित गतिरोधकच १० सेंटिमीटर उंच, आणि गावातले गतिरोधक प्रमाणित असतील तर नशीब! म्हणून ते तिरपे, एकेक चाक करून ओलांडावे लागतात. टायरची बाजू बुटकी असल्यानं खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो.

मोटारसायकलची खरी परीक्षा उतारावर. ब्रेक सतत दाबून धरला की ब्रेकचं तेल तापतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक तेल नवं असताना २३० अंश सेल्सियसपर्यंत टिकतं, हवेतली ओल शोषल्यावर १५५ च्या आसपासच उकळतं. मग बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक वळणाआधीच लावा. चेनचा सैलपणा मॅन्युअलप्रमाणे तपासा. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप हवाच, कारण एकट्याला धक्का मारायला कोणी नसतं.

पावसाळ्यात धुकं, शेवाळ आणि दरडीची माती. तेव्हा छप्पर बरं, पण साध्या कारचं.

भाड्याच्या दोन्ही गाड्यांना काळी पाटी, पिवळी अक्षरं हवीत. घाटात कर्नाटकाची हद्द लागते. गोव्याबाहेर न्यायची मुभा आहे का, हे करारात आधी वाचा.