टर्फर मशीन: नऊ महिने झाडीतून बोअर रिग ओढून काढल्यावरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात टर्फर मशीन घेतलं, म्हणजे हँडल मारून वायरने जड माल ओढायचं हातमशीन, १.६ टन ओढ असलेलं, सोबत २० मीटर वायर रोप. आता फेब्रुवारी चालू आहे आणि अकरा साइटवर वापरून झालंय. त्यातल्या तीन-चार ठिकाणी हे नसतं तर आमचा माल पावसाळा संपेपर्यंत तिथेच गंजत पडला असता. मी घ्यायच्या आधी खूप शोधलं, मराठीत कुणी नीट लिहिलेलं सापडलं नाही, दुकानदार तर "सर एकदम हेवी ड्युटी" याच्या पुढे काही बोलत नाहीत, म्हणून वेळ काढून सगळं लिहितोय.

आधी आमचं काम काय ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. ठाण्यात वागळे इस्टेटला छोटं गोडाऊन आहे, सॉइल टेस्टिंगचं बोअरिंग करतो. बिल्डिंगचा पाया ठरवायच्या आधी जमिनीत भोक पाडून माती आणि खडकाचे नमुने काढावे लागतात, ते. त्याचं मशीन म्हणजे रिग फार मोठी नाही, चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) डिझेल इंजिन आणि विंच (ड्रमवर वायर गुंडाळून ओढणारं यंत्र) मिळून ९०० किलोच्या आसपास, मग तिपाई, भोक ढासळू नये म्हणून घालायचे केसिंग पाइप, रॉड, पंप आणि एसपीटीचा, म्हणजे जमीन किती घट्ट आहे त्या चाचणीचा, तो ६३.५ किलोचा हॅमर, जो ७५ सेंटिमीटरवरून टाकून किती ठोक्यात पाइप खाली गेला ते मोजतात. बाकीचं सगळं सुटं करून बांबूला बांधून चौघं खांद्यावर आणतात, पण चासी काही सुटी होत नाही. आणि ठाण्यात आता रस्त्याला लागून मोकळी जमीन उरलीय कुठे, घोडबंदर रोडला डोंगराच्या अंगाला जे प्लॉट आहेत ते सगळे उताराचे, झाडीचे, मध्ये एखादा नाला. मे महिन्यात रिग आत जाते मस्त, ट्रॅक्टरच्या मागे लावली की झालं. बाहेर काढायची वेळ येते जुलैत.

तसंच झालं. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याचा एक खाजगी प्लॉट, मागे लगेच जंगलखात्याची हद्द. शेवटचा बोअर संपला त्या दिवशी रात्रभर असा कोसळला की सकाळी ट्रॅक्टर गेटजवळच रुतला. रिग रस्त्यापासून १४० मीटर आत, मध्ये कोरडा होता तो नाला गुडघाभर वाहतोय आणि नाल्यानंतर रस्त्यापर्यंत चढ. मालकाच्या माणसाचा पहिला सल्ला, जेसीबी बोलवा. अहो पण जेसीबी म्हणजे सात-साडेसात टनाचं धूड, ते त्या लाल चिखलाच्या उतारावर उतरलं असतं तर आधी त्याला काढायला दुसरा बोलवावा लागला असता. शिवाय त्याला वाट करायची म्हणजे किमान पंधरा-वीस झाडं तोडायची. १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि खरं सांगायचं तर कायदा नसता तरी मी ते करू दिलं नसतं. एका मशीनसाठी पन्नास वर्षांचं ऐनाचं झाड पाडायचं हे मला पटतच नाही.

मग टर्फर काढलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, हे ड्रमवाल्या विंचसारखं वायर गुंडाळत नाही. आत जबड्यांच्या दोन जोड्या असतात, एक जोडी वायर धरून ओढते तेव्हा दुसरी पुढे जाऊन धरायला तयार होते, अगदी आपण विहिरीचा दोर दोन हातांनी आळीपाळीने ओढतो तसं. हँडल पुढे केलं तरी वायर सरकते, मागे घेतलं तरी सरकते. एका पूर्ण फेऱ्याला जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. म्हणजे २० मीटरला साडेतीनशे-चारशे वेळा हँडल मारायचं, दोघं आलटून पालटून मारले तरी दम निघतो. पण हात सोडला की लोड आहे तिथेच थांबतो, मागे येत नाही, आणि जितका लोड जास्त तितकी जबड्यांची पकड घट्ट. उतारावर या एका गोष्टीसाठी मी बाकी सगळं माफ करायला तयार आहे.

ओढायला किती जोर लागतो याचा आमचा अंदाज आधी साफ चुकायचा. तीनाला एक, म्हणजे तीन मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ असेल तर ९०० किलोच्या चासीला नुसत्या चढापोटी जवळपास ३०० किलो लागतात, त्यात घसरतानाचं घर्षण धरा, चाक चिखलात बसलं असेल तर विचारूच नका, वजनाइतकाही जोर जातो. म्हणून आता आम्ही चाकं काढून चासीखाली दोन जाड फळ्या बोल्ट करतो, पुढची टोकं वर तासलेली, होडीच्या नाळेसारखी, आणि खाली जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे तुकडे रोलर म्हणून. याने हँडलवरचा जोर लगेच हलका होतो, हातालाच कळतं.

आता मेन मुद्दा. मशीन ओढतं हो, पण ते बांधायचं कशाला? माझा नऊ महिन्यांचा अनुभव असा की दिवसाचा सत्तर टक्के वेळ बांधण्यात जातो आणि तीस टक्के ओढण्यात, आणि घाई करायची असेल तर ती ओढण्यात करा, बांधण्यात अजिबात नको. आमचे मुकादम काका जुने खलाशी आहेत, आयुष्य जड माल हलवण्यात गेलंय, त्यांनी त्या दिवशी पहिला एक तास नुसती झाडं बघण्यात घालवला. मला तेव्हा चिडचिड होत होती, डोक्यावर पाऊस, मालकाचा फोनवर फोन. एक छान सरळ जाड पांगारा अगदी लाइनीत उभा होता, मी म्हटलं काका हा घ्या. तर सोबत येऊरच्या पाड्यावरचा एक पोरगा कामाला होता तो म्हणाला, "दादा त्याला नको, तो मऊ असतो, वायर आत जाईल." आणि बरोबर होतं त्याचं. पांगारा, सावर ही मऊ लाकडाची झाडं, गिरिपुष्पाचा तर भरवसाच नाही. साग, ऐन चालतात, पण तेही जिवंत आणि सरळ असले तरच. आणि आपल्याकडे डोंगरउतारावर मातीचा थर पातळ, खाली लगेच काळा कातळ, त्यामुळे वरून दणकट दिसणाऱ्या झाडाची मुळं खोल गेलेलीच असतील असं नाही.

काकांनी ऐन निवडला. बुंध्याला आधी गोणपाट, त्यावर लाकडाच्या पट्ट्या, मग रुंद पट्ट्याचा स्लिंग, तोही जमिनीपासून हातभर उंचीवर, वर नाही. वर बांधलं की झाड तरफेसारखं वाकतं. नुसती वायर कधीच झाडाला गुंडाळायची नाही, साल कापली जाते आणि सालीखालूनच झाडाचं अन्न जातं, चारही बाजूंनी साल सोलली गेली तर ते झाड उभ्या उभ्या मरतं. स्लिंगचे रंग पण लक्षात ठेवा, जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन. आम्ही पिवळाच वापरतो.

ताण आला तसे काका हँडलकडे बघतच नव्हते, ते ऐनाच्या मुळाशी उकिडवे बसून मातीकडे बघत होते. दहा-बारा फेरे झाले आणि त्यांनी हात वर केला. "शेठ, इकडे या." मी जाऊन बघितलं तर बुंध्याच्या मागच्या बाजूला, ओढीच्या उलट बाजूला, ओल्या मातीत केसासारखी एक भेग, वीतभर लांब. काकांनी त्यात बाभळीची काडी उभी खोचली आणि पोरांना म्हणाले अजून दोन फेरे मारा. काडी तिरकी झाली. बस, तिथेच थांबवलं, वायर ढिली केली, मागच्या एका सागाला दुसरा स्लिंग टाकून दोन्ही झाडं एकमेकांना बांधली आणि मग पुन्हा ओढलं. काडी सरळ राहिली शेवटपर्यंत. मी एकटा असतो तर मला ती भेग दिसलीच नसती.

१४० मीटरला आम्हाला आठ वेळा जागा बदलावी लागली आणि दोन दिवस गेले. एकही झाड तोडलं नाही. जंगलखात्याच्या हद्दीतल्या झाडाला हातही लावला नाही, तिथे काही करायचं तर रीतसर परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी, मागे बिबट्यांचं घर आहे. संध्याकाळी साडेपाचला काम बंद म्हणजे बंद.

कप्पीबद्दल एक सांगतो कारण यात लोकांची हमखास गल्लत होते. लोडला कप्पी लावून वायर परत फिरवली की ओढ जवळपास दुप्पट मिळते, वेग निम्मा होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दिशा बदलायला झाडाला कप्पी लावता तेव्हा त्या झाडावर किती भार येतो? काटकोनात वळवली तर वायरच्या ताणाच्या १.४ पट, आणि पूर्ण उलटी फिरवली तर दुप्पट. म्हणजे वायरला १ टन ताण असेल तर त्या बिचाऱ्या झाडावर २ टन. मशीन बांधलेल्या झाडापेक्षा कप्पीचं झाड जास्त मजबूत हवं. आणि त्या वळणाच्या आतल्या बाजूला कुणीही, म्हणजे कुणीही उभं राहायचं नाही, काही सुटलं तर वायर तिकडूनच फिरते. ताणलेल्या वायरवर मधोमध ओली गोणी टाकून ठेवायची, तुटली तर फटका कमी होतो.

तक्रारी आहेत का, आहेत. पहिली वजनाची, मशीन, हँडल, वायर, शॅकल (स्लिंग-वायर जोडायच्या लोखंडी कड्या) सगळं मिळून दोन माणसांचं ओझं होतं, चढावर नेताना जीव जातो. दुसरी तक्रार वायरची. ऑगस्टमध्ये जादा वायर म्हणून एका दुकानातून स्वस्तातली घेतली, त्याने छातीठोक सांगितलं चालते म्हणून. तिच्या गाभ्यात तागाचा दोर निघाला. जबड्यांनी दाबली की ती चपटी होते आणि मशीनमध्ये अडकते, तशी अडकली, भर उतारावर लोड असताना. चासीखाली ठोकळे लावून, दुसरीकडून दोरखंडाने धरून अडीच तास गेले सोडवायला. टर्फरला स्टीलच्याच गाभ्याची, मशीनला सांगितलेल्याच जाडीची वायर लागते, आमच्या १.६ टनीला साडेअकरा मिलिमीटर. तिचं टोक निमुळतं वितळवून बंद केलेलं असतं, ते तसंच लागतं नाहीतर जबड्यात शिरताना तारा सुटतात. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, पैशापेक्षा मला त्या पोरांच्या जिवाचा राग जास्त आला.

तिसरी चूक आमच्याच माणसाची आणि ती मी इथे मुद्दाम सांगतोय. हँडलच्या बुडाशी शिअर पिन असते, लोड जास्त झाला की ती तुटते आणि हँडल मोकळं फिरतं, लोड मात्र जागच्या जागी धरलेला राहतो. ती तुटणं म्हणजे मशीन खराब होणं नव्हे, ती तुमचा जीव वाचवते. सप्टेंबरमध्ये दोनदा तुटली तर एका पोराने तिच्या जागी खिळा ठोकला. मी पाहिलं आणि काम तिथेच बंद केलं, सगळ्यांना बसवून समजावलं. पिन तुटतेय म्हणजे तुमची ओढ चुकतेय, कप्पी लावा, समोरचा दगड काढा, फळी घाला. आता सहा पिना कायम खिशात असतात, त्याच कंपनीच्या.

मेंटेनन्सला लोक घाबरतात. चिखल हा या मशीनचा शत्रू नंबर एक. आम्ही प्रत्येक साइटनंतर डिझेलमध्ये बुडवून धुतो, सुकवतो आणि ९० नंबरचं गिअर ऑइल वरून भरपूर ओततो. पोरं म्हणायची तेल घातलं तर वायर सटकेल की. नाही सटकत, उलट तेल नसलं तरच आतले जबडे अडकतात. फक्त ग्रॅफाइट किंवा मॉली मिसळलेलं ग्रीस घालायचं नाही, ते पकडीसाठी वाईट.

डिसेंबरमध्ये पारसिकच्या डोंगरावरून एक जुना डिझेल पंप उतरवायचा होता, बेलापूरच्या बाजूला. ओढण्यापेक्षा उतरवणं जास्त भीतीचं असतं हे तिथे कळलं. दुसऱ्या लिव्हरने मशीन उलटं चालवलं की तितक्याच सावकाश, पाच-पाच सेंटिमीटरने माल खाली जातो. करवंदीच्या जाळीतून तो पंप इतका शांतपणे खाली आला की खालच्या वस्तीतल्या आजी बघायला येऊन बसल्या होत्या. गाडीच्या इलेक्ट्रिक विंचने हे जमलं नसतं, एकतर गाडीच तिथे पोचत नाही, आणि सलग लोडवर मोटार तापते ते वेगळंच. चेन पुली चांगली पण तिची साखळी तीन मीटरची, जंगलात तिने किती वेळा जागा बदलणार.

घ्यायचं असेल तर बजेट मशीनपुरतं धरू नका. दोन पिवळे स्लिंग, दोन कप्प्या, चार डी शॅकल, कातड्याचे हातमोजे, यात मशीनच्या निम्मे पैसे आणखी गेले आमचे आणि ते पैसे आधी खर्च करायला हवे होते असं आता वाटतं. वायर उलगडताना गुंडाळी जमिनीवर घरंगळवत न्यायची, एका बाजूने खेचून काढली की पीळ पडतो आणि पीळ पडलेली वायर बाद.

आमची मूळ वायर आता मधल्या भागात दोन ठिकाणी तुटक्या तारा दाखवायला लागलीय, हातमोजा घालून फिरवली की काटे लागतात. ती बंद केली. नवीन ३० मीटरची सांगितली आहे, या वेळी मशीनवाल्या कंपनीकडूनच, पावसाळ्याच्या आत आली पाहिजे कारण घोडबंदर रोडला डोंगराकडे एक साइट ठरलीय आणि तिथे पण मध्ये नाला आहे.