डिझेल की पेट्रोल? फोर-बाय-फोर घेण्याआधी डीपीएफचा हिशेब

फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, घ्यायचं ठरलं की आपल्याकडे बोलणं मायलेज, ताकद आणि वेटिंग या तीन गोष्टींभोवतीच फिरतं. २०२१ साली मी डिझेल गाडी बुक केली, तेव्हा शोरूममध्ये मला रंग विचारला, अ‍ॅक्सेसरीज विचारल्या, एक्सचेंजला जुनी गाडी आहे का तेही विचारलं. रोज किती चालवणार आणि कुठल्या रस्त्यावर, हे मात्र कोणी विचारलं नाही. आजच्या डिझेल फोर-बाय-फोरचं सुखदुःख याच एका उत्तरावर ठरतं, असं चार वर्षांनंतर माझं ठाम मत झालं आहे. म्हणून निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी हा आढावा.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचे कडक नियम, लागू झाले. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे धुरातल्या २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. नुसतं इंजिन सुधारून हे साधत नाही, म्हणून सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, आली. थार, स्कॉर्पिओ-एन, गुरखा, व्ही-क्रॉस, फॉर्च्युनर, कुठलीही नवी डिझेल घ्या, ही गाळणी असणारच. डीईएफची टाकी आणि डीपीएफ यांत पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. डीईएफ हे युरियाचं द्रावण, धुरातलं नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी असतं, ते संपलं की भरायचं. डीपीएफमध्ये काही भरायचं नसतं, ती आपली आपण रिकामी व्हावी लागते.

आत मधाच्या पोळ्यासारख्या सिरॅमिकच्या बारीक नळ्या असतात, एकाआड एक तोंड बंद केलेल्या. धूर भिंतीतून झिरपून पलीकडे जातो, काजळी मागे राहते. गाडी जोरात, इंजिनावर भार ठेवून चालली की धूरच इतका तापतो की बरीचशी काजळी चालता चालता जळते. ते झालं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडतो, गाळणीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. हेच रिजनरेशन, गॅरेजच्या भाषेत 'रिजन'. याला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाडी चालत राहावी लागते. मध्येच बंद केलीत तर काम अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आता शेजारी शेजारी ठेवून पाहू. माझ्या घरच्याच तीन गाड्या घेतो.

पहिली माझी. राहायला कोथरूड, कचेरी कल्याणीनगरला. बारा-तेरा किलोमीटर, कर्वे रस्ता, संगम पूल, सिग्नलमागून सिग्नल, सकाळी पाऊण तास. दुसरी कराडच्या आतेभावाची. गाडी अगदी तीच, तेच इंजिन, तोच ऑटोमॅटिक गिअर. तो कामासाठी रोज साताऱ्याला जातो, हायवेने पन्नास किलोमीटर, आणि तेवढाच परत. तिसरी माझ्या मेव्हणीची पेट्रोल जिम्नी. ती सहकारनगरात राहते, शाळेत शिकवते, आठवड्याला शंभरेक किलोमीटर आणि सुट्टीत कुठेतरी डोंगरात.

आतेभावाने तीन वर्षांत डीपीएफचा दिवा, म्हणजे गाळणी भरत आल्याचा इशारा, एकदाही पाहिलेला नाही. रिजन कधी होतं हे त्याला कळतही नाही, कारण ते उंब्रज आणि नागठाण्याच्या मध्ये कुठेतरी सुरू होऊन संपून गेलेलं असतं. माझ्या गाडीत तेच रिजन नळ स्टॉपला सुरू व्हायचं आणि कचेरीच्या पार्किंगमध्ये मी किल्ली फिरवली की तुटायचं. संध्याकाळी पुन्हा सुरू, सोसायटीच्या गेटवर पुन्हा बंद. चिन्हं मला नंतर ओळखू यायला लागली: उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर, स्क्रीनवरचं मायलेज एकदम खाली, गाडी बंद केल्यावरही घोंगावत राहणारा पंखा, आणि तापलेल्या लोखंडाचा वास. पहिल्यांदा मी घाबरून बॉनेट उघडून बसलो होतो. त्या वेळी गाडी पुन्हा सुरू करून रस्त्याला लागायला हवं होतं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

जुलै २०२२ मध्ये शनिवार-रविवार मावळात चिखलात घालवला. दोन दिवस बहुतेक वेळ लो-रेंज, म्हणजे अवघड वाटेवरचा संथ गिअर, मित्राची गाडी ओढून काढताना तासभर इंजिन उभ्याने चालू. पुढचा आठवडाभर तीच कचेरी. शुक्रवारी पिवळा दिवा लागला. रात्री नऊला कात्रजचा बोगदा ओलांडून निघालो, खेड शिवापूरच्या नाक्यावर रांगेत थांबावं लागलं, तसाच खंबाटकीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. शिरवळच्या आसपास दिवा विझला. एक दिवा विझवायला जाऊन-येऊन शंभरहून जास्त किलोमीटर.

पुढच्या वर्षी मी आळस केला. दिवा लागल्यावर तीन-चार दिवस तसाच फिरलो, 'रविवारी बघू' म्हणून. मग दिवा लुकलुकायला लागला, इंजिनाचा दिवाही लागला आणि गाडीने जोर सोडला. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडून उभ्या गाडीत जबरदस्तीचं रिजन केलं. तिथला फोरमन भला माणूस. त्याने डिपस्टिक काढून मला दाखवली. ऑइल खुणेच्या वर चढलं होतं. "साहेब, ऑइल वाढलंय म्हणून खूश होऊ नका, हे डिझेल उतरलंय खाली. रिजन तुटत राहिलं की असंच होतं." बऱ्याच इंजिनांत रिजनसाठीचं जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात. ते सगळं धुरावाटे जात नाही, थोडं पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं, आणि पातळ झालेलं ऑइल टर्बोला आणि बेअरिंगला सांभाळू शकत नाही. मला त्या दिवशी पोटात खड्डा पडला. गाळणीची भीती होती, इथे तर इंजिनच पणाला लागलं होतं. ऑइल मुदतीआधी बदललं.

मेव्हणीच्या जिम्नीबद्दल या विषयावर लिहायला एक ओळ पुरे. डीपीएफ नाही, रिजन नाही, सहकारनगर ते शाळा तीन किलोमीटर आणि गाडी बंद.

मग डिझेल घ्यायचंच कशाला? पैशांचा हिशेब मांडू. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरा. मोठी डिझेल फोर-बाय-फोर लिटरला १२ किलोमीटर देते, तेवढीच मोठी टर्बो पेट्रोल ९ देते, असं माना. वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणाऱ्याला डिझेलचे ४५,००० आणि पेट्रोलचे साधारण ६९,००० लागतात. म्हणजे फरक वर्षाला २४,००० रुपयांचा. २४,००० किलोमीटर चालवणाऱ्यासाठी हाच फरक ९७,००० च्या घरात जातो. आतेभावाचा निर्णय इथेच संपला. पण जिम्नीसारखी बाराशे किलोची हलकी गाडी १४ ची सरासरी देत असेल, तर ६,००० किलोमीटरला तिचाही खर्च ४५,००० च्या आतच येतो. शहरात थोडंच चालवणाऱ्याने डिझेल घेऊन जो पैसा वाचवायचा, तो हलकी पेट्रोल घेऊनही वाचतो. आणि बंद पडलेली गाळणी बदलायची वेळ आली, तर मोठ्या गाड्यांत खर्च लाखाच्या आसपास जाऊ शकतो. चार वर्षांची बचत एका बिलात जाते.

'डिझेलला ओढ असते' हे वाक्यही तपासून घ्या. थारच्या २.२ लिटर डिझेलला १३० हॉर्सपॉवर आणि ओढीचे, म्हणजे टॉर्कचे, ३०० न्यूटन-मीटर आहेत. तिच्याच २ लिटर टर्बो पेट्रोलला १५० हॉर्सपॉवर, आणि न्यूटन-मीटर मॅन्युअलमध्ये तितकेच, ऑटोमॅटिकमध्ये ३२०. चिखलातून किंवा खडकावरून चढताना पेट्रोल थार कुठे कमी पडत नाही, फक्त टाकी भराभर रिकामी होते. जिम्नीची गोष्ट वेगळी. १३४ न्यूटन-मीटर, टर्बो नाही. चार माणसं, सामान आणि एसी घेऊन वरंधा चढताना दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. मेव्हणीला त्याचं काही वाटत नाही, मला वाटतं.

स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनरच हवी असेल तर प्रश्न असा उरतच नाही, कारण या दोन्ही गाड्यांत आपल्याकडे फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये मिळतं. तिथे पर्याय डिझेल की पेट्रोल हा नसून, मोठी गाडी की वेगळी गाडी हा आहे.

आडरानात जाणाऱ्यांसाठी थोडं जास्त लिहितो, कारण हीच आपली खरी हौस. लोकांचा समज असा की ऑफ-रोडिंग म्हणजे इंजिनाला काम, म्हणजे गाळणी साफ. चढावर भार घेऊन चालताना ते खरंही आहे. पण आपलं सह्याद्रीतलं ऑफ-रोडिंग म्हणजे दहा मिनिटं चढ आणि चाळीस मिनिटं उभं राहणं: कोणीतरी अडकलंय, कोणीतरी दगड रचतंय, आणि सगळ्यांची इंजिनं चालू. उभ्याने चालणारं इंजिन काजळी करतं, उष्णता करत नाही. त्यामुळे मी आता थांबलो की इंजिन बंद करतो, आणि ट्रेलला लागण्याआधी ताम्हिणीच्या रस्त्यावर गाडी चांगली तापवून घेतो. त्याहून महत्त्वाचं दिवाळीनंतरचं. माळावरचं गवत तेव्हा वाळून खडखडीत झालेलं असतं. रिजन चालू असताना किंवा नुकतं संपल्यावर तशा गवतावर गाडी उभी केली तर ते पेटू शकतं. पेट्रोल गाडीचा सायलेन्सरही तापतोच, पण रिजनमधल्या डिझेलइतकी काळजी तिथे करावी लागत नाही. वणव्याने डोंगर काळे झालेले आपण दरवर्षी बघतो, त्यात आपल्या गाडीची भर नको.

'हायवेवर काढा, सगळं ठीक होतं' हाही शंभर टक्के खरा उपाय नाही. ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या २.८ लिटर डिझेल हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडोवर मोठा सामूहिक खटला झाला. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकलेल्या सुमारे २ लाख ६४ हजार गाड्या त्यात होत्या. तिथला दोष उलटा निघाला: सतत ताशी शंभरच्या आसपास चालवलेल्या गाड्यांतच गाळणी नीट साफ होत नव्हती. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला. दोषामुळे गाडीची किंमत किती कमी धरायची यावर पुढे अपिलं झाली आणि प्रकरण २०२४ मध्ये तिथल्या हायकोर्टापर्यंत, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं. दरम्यान तिथल्या गाड्यांत चालकाला स्वतः रिजन सुरू करता येईल असं बटण आलं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला गेलात की विचारा: या गाडीत गाळणी किती भरली ते मीटरवर दिसतं का? रिजन चालू आहे हे कळतं का? आपल्याला ते सुरू करता येतं का? माझ्या मते सनरूफपेक्षा या तीन उत्तरांना जास्त किंमत आहे.

सेकंडहँड बघणाऱ्यांसमोर बीएस-४ डिझेलचा मोह येतो, कारण आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बहुतेक डिझेल फोर-बाय-फोरना डीपीएफ नव्हताच. गाड्या मजबूत आहेत, मी नाकारत नाही. आणि बीएस-६ वाल्यांना गॅरेजवाले हळूच सुचवतात, 'जाळी काढून टाकू, कॉम्प्युटरला समजावू.' हे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, वॉरंटी जाते, हे तर आहेच. पण डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. माझी मुलगी त्याच कर्वे रस्त्याने सायकलवर क्लासला जाते. ती गाळणी मला कितीही त्रास देवो, तिच्या जागी ती हवीच.

डिझेल घेतलंच असेल तर ऑइलच्या बाबतीत हट्टी राहा. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, डीपीएफसाठीचं कमी राखेचं ऑइलच घाला. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते. गावाकडच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टरच्या डब्यातलं लिटरभर ओततील, त्याला नाही म्हणा. डिझेल गर्दीच्या पंपावरच भरा, कॅनमधलं शक्यतो नको. दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघा. ऑटोमॅटिक गाडी ऐंशीच्या वेगाला वरच्या गिअरमध्ये अगदी कमी आरपीएमवर लोळते, तेव्हा मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली आणून आरपीएम दोन हजारांच्या आसपास ठेवा. आणि दिवा लागला की त्याच दिवशी निघा.

रोज सलग अर्धा तास मोकळा रस्ता असेल, किंवा आठवड्यातून दोनदा हमखास मिळत असेल, तर डिझेल घ्या, आणि निर्धास्त घ्या. फक्त शहर आणि महिन्यातून एक ट्रेक असेल तर पेट्रोल घ्या: ताकद हवी असेल तर पेट्रोल थार, खिसा आणि अरुंद वाटा महत्त्वाच्या असतील तर जिम्नी. मधल्या लोकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, आधी महिनाभर सध्याच्या गाडीच्या फेऱ्या वहीत लिहून काढाव्यात. किती फेऱ्या वीस मिनिटांहून लांब आणि न अडकता झाल्या, ते मोजावं. मी आधी मोजल्या असत्या तर महिन्यात पाचसुद्धा भरल्या नसत्या.

मार्च २०२४ मध्ये मेट्रो वनाजपासून रामवाडीपर्यंत पूर्ण झाली. तेव्हापासून मी कचेरीला मेट्रोने जातो आणि गाडी शनिवारी सकाळीच बाहेर काढतो, ती थेट भोर किंवा मुळशीच्या रस्त्याला. दिवा त्यानंतर लागलेला नाही. डिपस्टिकवरचं ऑइल खुणेच्या आत आहे.