चंबळेची नाव: घडियालांना तीन तारे, कासवांना पाच

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. तिथल्या लष्कर या भागात चार पिढ्या गेल्या, पण चंबळ बघायची ती आगगाडीच्या खिडकीतून, तीही पूल संपेपर्यंतच. यंदा मार्चअखेर पुण्याहून भाचा आणि त्याची नऊ वर्षांची लेक आली, म्हणून मुरैना–धौलपूर रस्त्यावरच्या राजघाटाला नावेत पहिल्यांदा बसले. माझं वय ६७, गुडघे कुरकुरतात. अभिप्राय त्या हिशेबाने वाचावा.

आधी तक्रारी. फोनवर साडेसहाची वेळ दिली, नाव सुटली सात वाजून वीस मिनिटांनी. तिघांचे १८०० ठरले होते, घाटावर २१०० झाले. वरचे तीनशे कशाचे ते नीट कोणी सांगितलं नाही. लाइफ जॅकेट आहेत, पण लहान मुलांच्या मापाचं एकही नाही. पोरीला मोठं जॅकेट घालून वरून माझ्या ओढणीने बांधलं. घाटावर बायकांसाठी सोय नाही, घरूनच आवरून निघा. आणि नाव ठरवताना दाखवतात त्या फोटोंत घडियाल (लांब निमुळत्या तोंडाच्या सुसरी), मगरी, डॉल्फिन. कासवाचा एकही नाही! मला हीच सगळ्यात मोठी चूक वाटली.

कारण घडियाल आम्हाला चार दिसले, लांबून, ओंडक्यासारखे. डॉल्फिन नाहीच. पण दुसऱ्या वळणावर नावाड्याने इंजिन बंद केलं, हाताने खूण केली, आणि समोरच्या वाळूच्या बेटावर पंधरा-वीस कासवं ऊन खात ओळीने बसलेली. माद्या केवढ्या! घरातल्या पराती पालथ्या घालाव्यात तशा. पूर्ण वाढलेली मादी पंचवीस किलोपर्यंत भरते. नर त्यांच्या निम्मे, पण नटलेले: मानेवर लाल-निळ्या-पिवळ्या रेघा, डोक्यावर लाल ठिपका. विणीच्या दिवसांतच हा रंग चढतो. 'बाटागुर कचुगा' हे त्यांचं शास्त्रीय नाव. पूर्वी गंगेतही असायची. आता तग धरून राहील अशी त्यांची वस्ती उरली आहे ती या चंबळेत.

नावाडी साठीचा, घाटाजवळच्याच गावचा. "अम्मा, हिलो मत, सब पानी में कूद जाएँगे," म्हणाला. माझी शिंक आली आणि तसंच झालं.

मग त्याने नाव बेटाच्या कडेकडेने नेली. (वाळूवर उतरू देत नाहीत, ते बरोबरच आहे. कोणी पैसे देऊन उतरवायला सांगत असेल तर सांगू नका.) एके ठिकाणी उकरलेला खड्डा आणि कासवाच्या अंड्यांची पांढरी टरफलं. कोल्ह्याचं काम. मी म्हटलं, बेटावर कोल्हा आला कसा? त्याने बेटाच्या पलीकडे बोट दाखवलं. तिकडून बेट काठाला चिकटलेलं होतं, मधली धार आटून नुसती ओल राहिलेली. वरती गांधीसागर धरण आहे १९६० पासून, त्याखाली राणाप्रताप सागर, मग कोट्याचा बंधारा. पाणी कालव्यांतून शेतांकडे जातं आणि उन्हाळ्यात इथे बेटांची द्वीपकल्पं होतात. कोल्हा, कुत्री, गुरं चालत येतात. आणि कधी वरून एकदम पाणी सुटलं किंवा पाऊस लवकर आला, तर तेच बेट बुडतं. मार्च-एप्रिलमध्ये घातलेली अंडी दोन-अडीच महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर फुटतात. उशिरा घातलेल्या घरट्याला आठ दिवसांची गफलतही पुरते. नावाड्याने पाण्यालगत एक बांबू रोवलेला होता, रोज खूण बघतो म्हणे. नदीचं पंचांगच म्हणा.

आता पोरीची गंमत. भाच्याच्या गाडीत कोविडच्या वेळची कपाळाचा ताप मोजायची बंदूक पडलेली. ती तिने नावेत आणली. सकाळी वाळूवर रोखली तर पडद्यावर 'लो'. परतताना साडेदहाला रोखली तर 'हाय'. म्हणजे माणसाच्या तापाच्या पलीकडे, यंत्राने हात टेकले. वाळू वरवर तापली तरी अंडी खाली खोल असतात, तिथे ऊब पुष्कळ कमी आणि स्थिर. पण त्या उबेवरच सगळं ठरतं. या जातीत पिल्लू नर की मादी हे आईबापाकडून येत नाही, अंड्याभोवतीची वाळू किती तापली त्यावर ठरतं. वाळू उष्ण, तर माद्या जास्त. फारच उष्ण, तर पिल्लूच नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे ग्वाल्हेरकरांना नवीन नाही. पण कूलर आमच्याकडे आहे. पोरगी म्हणाली, "आजी, मग सगळ्या मुलीच झाल्या तर?" नावाड्याला हिंदीत सांगितलं, तो हसला आणि म्हणाला, दूल्हा कहाँ से लाएँगे.

येताना मुरैन्याजवळ देवरीचं घडियाल केंद्र पाहिलं. नदीवरून आणलेली अंडी तिथे उबवतात, पिल्लं वाढवून सोडतात. अर्धा तास पुरे. पोरांना मात्र तेच जास्त आवडतं, टाक्यांत खच्चून पिल्लं असतात म्हणून.

वाळूउपशाचं काय म्हणाल तर अभयारण्यात बंदी आहे. आम्ही एक ट्रॅक्टर पाहिला, नावाड्याने मान फिरवली, मीही विषय काढला नाही.

डिसेंबरात थंडीचे पक्षी बघायला जा, हे सगळे सांगतात. कासवं बघायची असतील तर मार्चचा शेवट धरा, सगळ्यात पहिली नाव मागा आणि निघायच्या आधी घाटावर पैसे पक्के करा. मोठा गट असेल तर दोन नावा करा, एका नावेत दहा माणसं कोंबली की एकही कासव वाळूवर थांबत नाही. टोपी, पाणी, आणि नऊ वर्षांच्या मुलाचं जॅकेट घरून न्या.