सोयाबीन तारण ठेवताय? आधी हा हिशोब बघा

कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत 1990-91 पासून चालू आहे. माल समितीच्या गोदामात टाकायचा, किमतीच्या 75 टक्के उचल घ्यायची, वर्षाला 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांत फेडायची. गोदामाचं भाडं नाही. सावकाराच्या व्याजापुढे तर हे फुकटच. व्यापाऱ्याचा माल घेत नाहीत, हेही बरंच. सहा महिने उलटले की व्याज चढतं, तेवढी तारीख सांभाळायची.

सातबाऱ्यावर पीकपेरा, म्हणजे पिकाची नोंद हवी. मोबाइलवरून करायची ई-पीक पाहणी राहिली असेल तर तिथेच अडतं. ओल 12 टक्क्यांच्या आत हवी. मळणी झाल्या झाल्या भरलेलं सोयाबीन थप्पीत तापतं, बुरशी धरतं, म्हणून दोन-तीन उन्हं दाखवूनच न्या. किंमत धरताना बाजारभाव आणि हमीभाव यांतला कमी तो धरतात.

समजा भाव 4,200 आहे. 20 क्विंटलचे 84,000, उचल 63,000, सहा महिन्यांचं व्याज 1,890, म्हणजे क्विंटलला सुमारे 95 रुपये. वजनात दीड टक्का घट धरली तर आणखी 63. हमाली मिळवा. भाव दोनशेने चढला तरच थांबण्यात अर्थ. 2021-22 मध्ये तो चढला. 2023-24 मध्ये नोव्हेंबरात वर जाऊन फेब्रुवारीत त्या हंगामाच्या 4,600 च्या हमीभावाखाली आला. पडलेल्या भावाचा फटका शेतकऱ्यालाच, समितीला नाही.

आता चार क्विंटलवाला. उचल 12,600. टेम्पोचं भाडं मात्र वीस क्विंटलवाल्याइतकंच. त्यात कृषी केंद्राची खता-बियाण्याची उधारी दिवाळीआधी चुकती करायची, ती 75 टक्क्यांत भागत नाही. मग माल खळ्यावरूनच जातो, तोही पडत्या भावात. घरात नोकरीचा किंवा दुधाचा पगार येतो, तोच मार्चपर्यंत दम धरतो. 2018-19 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे 4,063, पिकाचे 3,798. एकाच शिवारातल्या, एकाच वाणाच्या सोयाबीनला दोन घरांत दोन भाव पडतात ते यामुळे.

पंधरा क्विंटलच्या पुढे माल आणि उधारी कमी असेल तर जरूर ठेवा, पण निम्माच. चार-पाच घरांनी मिळून एक टेम्पो केला तर छोट्यालाही परवडतं. पावत्या मात्र ज्याच्या त्याच्या नावाने वेगळ्या करून घ्या.