वृद्धाश्रम, केअर सेंटर की घरीच मावशी? अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी काय पाहून ठरवावे

तालुक्याच्या गावी ‘नर्सिंग होम’ अशी पाटी असते ते डॉक्टरांचे छोटे रुग्णालय. बाळंतपण, हर्निया, ताप-सलाइन, आणि चार-आठ दिवसांत सुट्टी. त्याची नोंदणी 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. लकवा मारलेल्या आईला वर्षानुवर्षे सांभाळणे हे त्याचे काम नाही. डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणून महिना-दीड महिना तिथेच ठेवले जाते, बिल चढत जाते आणि एकाच कुशीवर पडून पाठीला जखमही होते. त्यामुळे हा पर्याय आधीच बाजूला ठेवा.

उरतात तीन वाटा. जवळपासचा संस्थेचा वृद्धाश्रम, नागपूर-अमरावती-अकोल्याकडचे पैसे घेणारे खासगी केअर सेंटर, किंवा घरीच माणूस ठेवणे.

वृद्धाश्रमाला पहिला प्रश्न एकच विचारा: स्वतः उठून संडासला जाता येत नसेल तर ठेवता का? बरेच आश्रम फक्त चालत्या-फिरत्या माणसाला घेतात आणि ते प्रवेश अर्जातच लिहिलेले असते. मग दुसरा प्रश्न: आज चालणारा माणूस उद्या पडला, खुबा मोडला, तर काय करता? ‘नातेवाइकांना बोलावून घेतो’ असे उत्तर आले तर ते प्रामाणिक आहे, पण तुमची सोय तिथे फक्त तात्पुरती आहे. चालत्या, एकट्या पडलेल्या माणसासाठी मात्र चांगला आश्रम केअर सेंटरपेक्षा कितीतरी बरा. बोलायला बरोबरीची माणसे असतात, अंगण असते, भजन असते, आणि गावातले कोणी ना कोणी भेटायला येते.

रात्रीचा हिशेब

फरशी, रंग, देवघर, बागेतला झोपाळा हे सगळे दिवसा दिसते. सेवा कशी आहे ते रात्री दोन वाजता तिथे किती हात जागे आहेत यावर ठरते, आणि हे गणित पानभर कागदावर कुणालाही मांडता येते.

ज्याला स्वतः वळता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माणसाला चादरीने सरकवायचे, पाठीशी उशी देऊन थोडे कलते ठेवायचे, दोन गुडघ्यांच्या मधे दुसरी उशी, टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटरीखाली घडी, डायपर चाचपायचा, ओला असेल तर बदलायचा. न घाई करता दहा मिनिटे जातात. अशी 12 माणसे असतील तर एक फेरी 120 मिनिटांची झाली. म्हणजे शेवटची खाट होते न होते तोच पहिल्या खाटेची पाळी पुन्हा आली. त्यात एकाला उलटी झाली, दुसऱ्याने नळी ओढली, की फेरी चुकली. जड माणसाला तर दोघांनी मिळूनच सरकवावे लागते; एकट्याने ओढले की कातडी घासून सोलते. म्हणून 12 खिळलेल्या माणसांमागे रात्री दोन जागी माणसे ही कमीत कमी गरज आहे.

केअर सेंटरवाले ‘24 तास स्टाफ’ म्हणतात. त्यांना विचारा, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वॉर्डात कितीजण असतात आणि त्यात चौकीदार धरला आहे का? मग शक्य असेल तर सकाळी सहाला जाऊन उभे राहा. वृद्धाश्रमात रात्री बहुतेक एक मावशी आणि फाटकावर एक माणूस, एवढेच असतात. घरी एकास एक असे प्रमाण असते म्हणून ते सगळ्यात चांगले वाटते, पण 24 तासांची मावशीसुद्धा झोपणारच. ती दिवसभर राबली असेल तर दोनची आणि चारची पाळी घरच्याच कुणीतरी गजर लावून घ्यायची. हे आधी ठरले नाही तर घरीही जखम होते.

पाठ बघा, टाच बघा

दाखल करण्यापूर्वी तिथे आधीपासून असलेल्या एखाद्या आजोबांच्या नातेवाइकाशी बोला आणि पडून राहून अंगाला जखमा झाल्या का ते विचारा. माकडहाड, खुबे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू: जखमा होतात त्या इथेच. गोऱ्या कातडीवर आधी लाली दिसते. ती बोटाने दाबून सोडली की क्षणभर पांढरी व्हायला हवी. तशीच लाल राहिली तर जखम सुरू झाली. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात फिरवून पाहावे. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जास्त काळपट जागा लागली तर तीच खूण.

एअर मॅट्रेस आहे एवढ्यावर समाधान मानू नका. पंप सुरू आहे का, गादीखाली हात घातला तर माणसाचे हाड हाताला टेकते का, आणि लाइट गेली की पंप इन्व्हर्टरवर चालतो का, हे पाहा. शिवाय ती असली तरी कूस बदलणे सुटत नाही. घरी सांभाळणार असाल तर आपली दोरीची किंवा नवारीची बाज टाळा. उन्हाळ्यात ती हवेशीर वाटते, पण मधे झोळ पडतो, सगळा भार माकडहाडावर येतो आणि कूस बदलायला आधारच मिळत नाही. सपाट लाकडी दिवाणावर गादी घालावी.

लघवीची नळी असेल तर पिशवी खाटेच्या कडेला, मूत्राशयाच्या खाली, आणि जमिनीला न टेकता लटकलेली हवी. पिशवी माणसाच्या पोटावर किंवा फरशीवर पडलेली दिसली तर तिथल्या शिकवणीत खोट आहे. नाकातून नळीने जेवण देताना डोके 30 ते 45 अंश वर हवे आणि नंतर अर्धा-एक तास तसेच ठेवायला हवे. आडवे ठेवून घाईत भरवले की अन्न फुप्फुसात जाते.

मे महिना

आपल्याकडे विदर्भात पारा 45 च्या वर जातो, म्हणून जागा बघायला जमल्यास एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनला जा. टिनाच्या छपराखालचा हॉल त्या वेळी कसा तापतो ते तुमच्याच अंगाला कळेल. कुलर असेल तर हवा बाहेर जायला समोर खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. कुलरचे पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासतात का, तेही विचारा. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. पाण्याचा ग्लास हाताच्या अंतरावर आहे की कोपऱ्यातल्या माठात, एवढ्यावरून बरेच समजते. लघवी गडद पिवळी आणि जीभ कोरडी असेल तर पाणी कमी पडते आहे.

इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते. घरी फ्रिज नसेल तर वापरातली बाटली ओल्या मातीच्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवता येते; खिडकीच्या फळीवर ठेवले तर मेमध्ये ते निकामी होते आणि साखर का वाढली ते कुणालाच उमगत नाही.

जेवणाबाबत थोडक्यात: भिंतीवरचा मेनू वाचू नका, परत जाणारी ताटे बघा. लकव्याच्या माणसाला साध्या पाण्याने जास्त ठसका लागतो, घट्ट वरणात कुस्करलेल्या भाताने कमी. भरवणारी मावशी घास गिळेपर्यंत थांबते का, हे पाच मिनिटे उभे राहून बघावे.

सकाळी अकरा वाजता सगळा हॉल गाढ झोपलेला दिसला तर झोपेच्या गोळ्यांचे चार्ट मागा. मनगटावर बांधल्याचे वळ दिसले तर तिथे ठेवूच नका.

पैसे आणि कागद

केअर सेंटरच्या महिन्याच्या आकड्यात काय येत नाही ते लिहून घ्या. डायपर दिवसाला तीन-चार म्हणजे महिन्याला शंभराच्या आसपास; फिजिओथेरपी, औषधे, ड्रेसिंग, गाडी हे वेगळे. 70 वर्षांवरच्या सर्वांना 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरच चालते, निवासाच्या खर्चाला नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये बँकेत येतात. पासबुक आणि एटीएम कार्ड संस्थेच्या ताब्यात देऊ नका. सेवेच्या बदल्यात शेत लिहून द्यायची वेळ आली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातले कलम 23 लक्षात ठेवा: सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच लिहिलेली असेल, तर ती मोडल्यावर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात व्यवहार रद्द करून घेता येतो. नुसत्या तोंडी शब्दावर सातबारा हलवू नये. तक्रार किंवा सल्ल्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

घरच्या मावशीचा पगार वरकरणी कमी वाटतो, पण गावात तिची अडचण वेगळी असते. कापूस वेचणी लागली की बायका शेतात जातात, किलोमागे मजुरी मिळते, आणि दिवाळीनंतर महिना-दोन महिने माणूस सापडत नाही. म्हणून दसऱ्याआधीच बदली मावशी ठरवून तिला दोन दिवस काम दाखवून ठेवा. घरात रात्र वाटून घेणारी दोन धडधाकट माणसे असतील तर घरच चांगले. एकच सून, दोन लेकरे आणि नवरा शेतावर, अशी स्थिती असेल तर केअर सेंटर घ्यावे, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नये. सूनच आजारी पडली तर दोघींचेही हाल होतात.

निवडताना अंतरही मोजा. दर आठवड्याला, वेळ न सांगता कुणी जाऊ शकेल अशी 40 किलोमीटरवरची साधी जागा ही 150 किलोमीटरवरच्या चकाचक जागेपेक्षा बरी. ज्याच्याकडे माणूस येतो त्याची चादर वेळेवर बदलते.

दाखल केल्या दिवशी वजन करून रजिस्टरमध्ये लिहायला लावा आणि पाठ व टाचांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. महिन्याने पुन्हा वजन करा. 50 किलोच्या माणसाचे अडीच किलो उतरले असेल तर कारण विचारा, डॉक्टरांना दाखवा. उत्तर पटले नाही तर हलवता यावे म्हणून अनामत रक्कम भरण्याआधीच, सोडताना किती दिवस आधी कळवायचे आणि किती पैसे परत मिळतील, ते करारात लिहून घ्या.