खारा वारा, चढ आणि पाऊस : रत्नागिरीत बांधून घेतलेली रोजच्या वापराची सायकल

भाट्ये पुलापलीकडून रोज रत्नागिरी शहरात कामाला येणाऱ्या माणसाने सायकल घ्यायचे ठरवले, की दुकानात त्याच्यासमोर साधारणतः दोनच प्रकारच्या सायकली येतात. एक म्हणजे काळी, उंच, लोखंडी रिमांची, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली साधी सायकल; आणि दुसरी म्हणजे जाड टायरांची, पुढे शॉकॲब्जॉर्बर, चाकांना डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर असलेली रंगीत सायकल. सपाट, कोरड्या गावात दोन्ही उत्तम चालतील. परंतु जेथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, खाडीच्या पातळीवरून जांभ्याच्या सड्यावर चढून यावे लागते आणि बाराही महिने हवेत मीठ असते, तेथे यांपैकी एकही सायकल जशीच्या तशी रोजच्या प्रवासाला पुरी पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच जुनी पोलादी फ्रेम घेऊन, शहरातल्या एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात एकेक भाग निवडून मी सायकल बांधून घेतली. एक संपूर्ण पावसाळा तिने अंगावर घेतल्यानंतर त्या सायकलीचे आणि त्या दुकानातील कामाचे हे परीक्षण लिहीत आहे.

फ्रेम निवडली ती २६ इंची चाकांची, ज्या सायकलींना आपण सरसकट ‘रेंजर’ म्हणतो त्या घडणीची, पण साध्या चिमट्याची, म्हणजे शॉकॲब्जॉर्बर नसलेली. स्वस्त शॉकॲब्जॉर्बरच्या नळ्यांत खारी हवा आणि तांबडी माती शिरली की तो हळूहळू जाम होतो. आणि जोवर चालू असतो तोवर चढावर उभे राहून पायडल मारताना दर दाबाला खाली बसून पायांची ताकद खातो. पोलाद गंजते हे खरे आहे, परंतु सायकलीच्या फ्रेमला घातक ठरतो तो बाहेर दिसणारा गंज नव्हे, तर नळ्यांच्या आत साठलेल्या पाण्याने धरलेला गंज. त्यावर उपाय म्हणून फ्रेम पूर्ण सुटी केल्यावर प्रत्येक नळीत रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल ओतून, फ्रेम सर्व बाजूंनी फिरवून, जादा तेल निथळू दिले. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळते आणि आतून एक चिवट पापुद्रा तयार होतो. सीटच्या नळीतून उतरणारे पाणी क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, धुऱ्यापाशी साठते, म्हणून तेथे तळाला एक बारीक भोकही पाडून घेतले. सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा आहे, आणि ॲल्युमिनियम व पोलाद खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की असे धरतात, की पुढे दांडा कापून काढण्याची वेळ येते. त्यामुळे त्याला भरपूर ग्रीस लावून मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तो उपसून पुन्हा बसवणे हा या सायकलीच्या देखभालीचा अनिवार्य भाग आहे.

गिअरच्या बाबतीत मी सर्वाधिक विचार केला. काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर २८ इंची चाकामुळे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मांडवीच्या सपाट रस्त्यावर हे सुखाचे आहे, पण चढावर हेच साडेपाच मीटर गुडघ्यांवर येतात आणि माणूस उतरून सायकल ढकलू लागतो. दुसऱ्या टोकाला एकवीस गिअरच्या सायकलीत पुढची तीन आणि मागची सात चक्रे मिळून जे एकवीस जोड होतात, त्यांतील अनेक जवळजवळ एकसारखेच असतात. शिवाय पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, हा चिखलाने सर्वांत आधी जाम होणारा भाग असतो. म्हणून पायडलपाशी असलेल्या तीन चक्रांपैकी, म्हणजे चेनव्हीलांपैकी, मधले ३४ दात्यांचे तेवढे ठेवले, पुढचा डिरेलर काढून टाकला आणि मागे १४ ते २८ दात्यांचे सात चक्रांचे फ्रीव्हील बसवले. यामुळे सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे अडीच मीटर जाते, म्हणजे काळ्या सायकलीच्या निम्म्याहूनही कमी. आणि सर्वांत जड गिअरमध्ये जवळजवळ पाच मीटर, ज्यात मिनिटाला सत्तर फेरे मारले तरी ताशी वीस किलोमीटरचा वेग सहज मिळतो. शहरात याहून अधिक वेगाची गरज मला कधी भासली नाही, आणि भाजी व डबा लादलेली सायकल घेऊनही चढ बसूनच चढता येतो. असा बदल करणाऱ्याने क्रँक रिव्हेटचा नसून बोल्टने जोडलेला आहे ना, हे आधी पाहून घ्यावे, कारण रिव्हेटच्या क्रँकवरील चेनव्हील वेगळे करता येत नाही. खड्ड्यात चेन उतरू नये यासाठी बाहेरून प्लॅस्टिकची चकती आणि आतून एक लहान मार्गदर्शक पट्टी लावली आहे.

गिअर बदलण्यासाठी मुद्दाम अंगठ्याने ढकलायचा, खटके नसलेला साधा शिफ्टर घेतला. खटक्यांचे शिफ्टर नवे असताना फार छान चालतात, पण खाऱ्या हवेत केबल आतून जराशी जरी खरखरीत झाली, तरी खटका एका चक्रावर आणि चेन दुसऱ्यावर अशी स्थिती होते. साध्या शिफ्टरमध्ये केबल ताणली वा गंजली तरी अंगठा तेवढाच अधिक सरकवून काम भागते. या पावसाळ्यात केबल जड झाली तरीही एकही गिअर हातचा गेला नाही, आणि या निवडीबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.

हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, पोटात गिअर असलेली तीन वेगांची रचना तत्त्वतः कोकणासाठी याहूनही योग्य आहे, हे मान्य करायला हवे. अशा हबमध्ये चेन एकाच सरळ रेषेत राहते, त्यामुळे तिला संपूर्ण बंद पेटीत ठेवता येते आणि तांबड्या मातीचा प्रश्नच मिटतो. शिमानोच्या नेक्सस तीन गिअरच्या हबचा आवाका, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरच्या तुलनेत सर्वांत जड गिअर, ०.७३३ ते १.३६४ म्हणजे सुमारे १८६ टक्के आहे, तर माझ्या सात चक्रांचा २०० टक्के. म्हणजे फरक अगदी थोडा. परंतु हा हब किंवा त्याचे सुटे भाग मला येथील कोणत्याही दुकानात मिळाले नाहीत. जी सायकल रोज कामावर न्यायची, तिचा प्रत्येक भाग संध्याकाळपर्यंत गावातच दुरुस्त होऊ शकला पाहिजे, ही अट मला अधिक महत्त्वाची वाटते.

ब्रेकविषयी मात्र तडजोडीला जागा नाही. लोखंडी, निकेल-क्रोमचा मुलामा दिलेली रिम ओली झाली की रबरी ब्रेकची पकड इतकी घटते, की उतारावर लिव्हर हँडलला टेकूनही सायकल घसरत पुढे जात राहते. कोकणात पाऊस आणि उतार एकत्र असतात, त्यामुळे लोखंडी रिमांच्या सायकलीने पावसाळ्यात घाटी उतरणे मी धोक्याचे मानतो. ॲल्युमिनियमच्या रिमेवर ओल्या रबराची पकड कितीतरी चांगली राहते. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पाणी पुसले जाते आणि मग ब्रेक भरवशाने लागतो. म्हणून दुपदरी ॲल्युमिनियम रिमा आणि रिमेला दोन्ही बाजूंनी लांब दांड्यांनी दाबणारे व्ही-ब्रेक असा जोड घेतला. याची एक उणीव सांगितली पाहिजे : जांभ्याची रेती आणि रिमेचेच सूक्ष्म कण ब्रेकच्या रबरात रुतून बसतात आणि रिम खरवडतात. दर आठवड्याला टाचणीने ते कण काढावे लागतात, आणि रिमेची कड आतल्या बाजूला पोकळ झाली आहे का हे पट्टी लावून पाहावे लागते. डिस्क ब्रेकला हा त्रास नसतो. परंतु स्वस्त केबलच्या डिस्कमधील बारीक स्प्रिंगा आणि पिना मीठ लवकर धरतात, आणि त्यांची नेमकी जुळणी करणारा हात प्रत्येक पंक्चरवाल्याकडे असेलच असे नाही.

आता त्या दुकानाच्या खऱ्या कौशल्याकडे येतो, ते म्हणजे चाक बांधणे. दुकान लहान आहे, पाटीचा रंग उडालेला आहे, आणि मालक असलेले मिस्त्रीकाका गिऱ्हाइकाशी मोजकेच बोलतात. तथापि ३६ स्पोकांचे चाक त्यांनी तीन क्रॉसच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकांना ओलांडून जाईल असे, प्रत्येक स्पोकच्या निपलला, म्हणजे रिमेतल्या लहान नटाला, ग्रीस लावून, इतक्या सावकाश बांधले की ते पाहत बसावेसे वाटले. दोन्ही बाजूंचे स्पोक जोडीजोडीने हातात दाबून त्यांनी चाक ‘बसवले’, मग आऊट, म्हणजे चाकाचा डुगडुगणारा वाकडेपणा, काढला, पुन्हा दाबले, पुन्हा आऊट काढला. काही आठवड्यांच्या वापरानंतर चाक परत आणा, असे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि तेव्हाची ताणणी मूळ मजुरीतच करून दिली. नव्या चाकाचे स्पोक वापराने थोडे सैलावतातच, आणि तेव्हा लक्ष दिले नाही तर पुढे मागच्या चाकाचे स्पोक एकामागून एक तुटू लागतात. हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा कारागीर विरळा. स्पोक स्टेनलेस स्टीलचे आणि निपल पितळेचे असावेत हा आग्रह माझा होता. जस्ताचा मुलामा दिलेले स्पोक समुद्रकाठी निपलच्या तोंडाशी गंजतात, आणि मग आऊट काढायला गेले की फिरण्याऐवजी मोडतात. एवढा सगळा पाऊस होऊनही दोन्ही चाके आज सरळ फिरत आहेत.

मडगार्ड आणि कॅरिअरचे नट-बोल्ट सायकलीच्या दुकानातून घेतले नाहीत. मच्छीमारी बोटींना लागणारे स्टेनलेस नट-बोल्ट मिरकरवाडा बंदराच्या बाजूला मिळतात. त्यांत ३१६ प्रतीचे मागावेत, कारण त्यातील मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या पाण्यात ३०४ प्रतीपेक्षा अधिक टिकतात. ॲल्युमिनियममध्ये हे बोल्ट फिरवताना मात्र ग्रीस विसरू नये. ग्रीसही बोटवाल्यांचेच, पाण्याने न धुतले जाणारे कॅल्शियमचे वापरले.

पुढच्या मडगार्डचे महत्त्व आपल्याकडे फारसे कोणी ओळखत नाही, याचे मला वाईट वाटते. मागचा मडगार्ड फक्त पाठ आणि कपडे वाचवतो. पुढच्या चाकाने उडवलेला तांबडा चिखल मात्र थेट क्रँकवर, चेनवर आणि बुटांवर येतो. मिस्त्रीकाकांनी जुन्या मोटारसायकलच्या ट्यूबचा रुंद तुकडा कापून पुढच्या प्लॅस्टिकच्या मडगार्डला खाली, जमिनीपासून चार बोटे राहील इतका लांब जोडून दिला. त्यासाठी त्यांनी नाममात्र पैसे घेतले, आणि सबंध सायकलीतील सर्वांत उपयोगी भाग कोणता असे मला विचारले, तर मी याच रबराकडे बोट दाखवीन. चेन त्यामुळे कितीतरी स्वच्छ राहिली. चेनची झीज पाहण्यासाठी साधी पट्टी पुरते : नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या, म्हणजे चोवीस पिनांचे अंतर, नेमके १२ इंच भरते, ते १२ इंच आणि एक षोडशांश झाले की चेन बदलावी, आणि एक अष्टमांशापर्यंत जाऊ दिले तर फ्रीव्हीलही बदलण्याची तयारी ठेवावी.

मागे मजबूत कॅरिअर आहे, त्याला दोन्ही बाजूंनी झोळ्या अडकवता येतात. स्टँड दुपायी घेतला, कारण एकपायी स्टँड पावसाळी मातीत रुतून लादलेली सायकल आडवी होते. टायर १.७५ इंच रुंदीचे, मधोमध जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला नक्षीचे आहेत. रस्त्याच्या कडेच्या शेवाळावर कोणताही टायर घसरतो, पण एवढ्या रुंदीमुळे हवा जरा कमी ठेवता येते आणि पकड सुधारते. ट्यूबला मोटारसायकलसारखा वॉल्व्ह असल्याने पेट्रोलपंपावरही हवा भरता येते.

दिव्यांच्या बाबतीत मी समाधानी नाही. टायरला घासणारा डायनॅमो ओल्या टायरवर घसरतो आणि नेमका गरजेच्या वेळी मंदावतो, म्हणून चार्जिंगचे दिवे घेतले. प्रकाश चांगला पडतो, परंतु चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी झाकण सैल असल्याने आत खारा ओलावा शिरला आणि पुढच्या दिव्याचे टोक हिरवे पडले. पुढच्या हबमध्येच बसणारा डायनॅमो, जो पावसात घसरत नाही आणि वीज गेलेल्या रात्रींनंतरही चालतो, तो मिळवून बसवण्याचा माझा विचार आहे.

दुकानाच्या उणिवाही नोंदवणे आवश्यक आहे. स्टेनलेस स्पोक त्यांच्याकडे नव्हते, ते बाहेरगावाहून मागवावे लागले आणि काम त्यामुळे बरेच रेंगाळले. लेखी हिशेब मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा भागांची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. एकूण खर्च चांगल्या प्रतीच्या नव्या गिअरच्या सायकलीच्या सुमारे दोनतृतीयांश झाला, आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम दोन चाकांवर गेली. माझ्या मते ती योग्य ठिकाणी गेली. ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी मे महिन्यात जाऊ नये, कारण पावसाळ्याच्या तोंडावर ओव्हरहॉलिंगच्या सायकलींनी दुकान भरलेले असते आणि चाक बांधण्यासाठी लागणारा निवांतपणा मिस्त्रीकाकांना मिळत नाही. दिवाळीनंतर जावे, फ्रेम स्वतः धुऊन न्यावी, आणि रिमा व स्पोक यांची मागणी पहिल्याच भेटीत आगाऊ पैसे देऊन नोंदवावी.