रायडिंग क्लब की स्टड फार्म: घोड्यांच्या कामाला लागायचं तर कुठून?

माफसू, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीचं विद्यापीठ, आपल्या नागपुरातच आहे, पण नीटमध्ये मार्क नाही पडले अन् घोड्यांतच राहायचं हे डोक्यात पक्कं, अशा पोरांपुढे दोनच रस्ते दिसतात. इथंच एखाद्या रायडिंग क्लबात लागा, नाही तर पुण्याकडच्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथं, जा. मी दीड वर्ष क्लब केला, मग तीन सीझन फार्म, त्यामुळे सांगतो ते माझ्यापुरतं, तुमचं वेगळं असू शकते.

क्लबात घर सुटत नाही. मे महिन्यात पारा 45 ला टेकते म्हणून पहाटेच काम उरकायचं, नऊला तर्री पोहा. अन् घोड्यावर बसायला भेटते. फार्मवर ते विसरा, तिथं गाभण घोड्या अन् शिंगरं, सगळं काम जमिनीवरून. खरारा, दाणा, लीद दोन्हीकडे तेच. पगारातही मला फार फरक नाही वाटला.

क्लबातून माझं मन उडालं ते खोगिरावरून. आमच्याकडे एक कुमैत, म्हणजे तांबूस रंगाची, घोडी होती, एकदम शांत, म्हणून रविवारी प्रत्येक आईबाबांना आपल्या पोरासाठी तीच पाहिजे. एकदा खोगीर काढून पाठीवर हात फिरवला तर तिनं कातडी थरथरवली अन् कान मागे टाकले, पाहतो तर खांद्यामधल्या उंचवट्यावर पुरीएवढी सूज, गरम. क्लबवाल्यांना सांगितलं तर म्हणे खाली जाड घोंगडी टाक, एकच राउंड आहे. तो एकच राउंड चारदा झाला.

फार्मवर सुख आहे असं नाही. थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचा, जन्म कधीचाही असो, वय 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणून सगळ्यांना शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच पाहिजे, पोटातल्या अकरा महिन्यांचा हिशोब धरून घोड्या भरवतात, कृत्रिम रेतन चालत नाही. मग जानेवारी ते एप्रिल तुम्ही रात्री जागे. घोड्या व्यायतात बहुतेक रात्रीच, अन् तेही माणूस बाजूला झाला की, मी चहा आणायला जाऊन तीनदा चुकवलं. सडांवर मेणासारखे थेंब दिसले की झोप विसरायची. पाणमोट फुटली की अर्ध्या तासात शिंगरू बाहेर, तासाभरात लटपटत उभं, दोन तासांत दूध, तीन तासांत वार पडली पाहिजे, नाही तर डॉक्टरला उठवा. चीक वेळेत पोटात गेला का, यावर सगळे टपून असतात. अन् घोडीचं काही दुखते म्हटलं तर रात्री दोनलाही ऐकून घेतात. आता ती लाखांची असते म्हणून ऐकतात, मायेनं नाही, हे कळते मला, पण ऐकतात ना बाप्पा.

घरी म्हातारं माणूस असेल किंवा इन्स्ट्रक्टरच व्हायचं असेल तर क्लब बरा. नाही तर डिसेंबरातच गाडी पकडा, सीझनआधी घोड्या ओळखीच्या व्हायला महिना लागते. अन् जाड बूट न्या, मी पहिल्या रात्री चपलेवर होतो, घोडीचा पाय पडला, अंगठ्याचं नख अजून वाकडंच उगवते.